पेन्सिलीचा ठिपका

यादीतल्या सातव्या नावाशी येऊन गजालाचं बोट थबकलं. सोनम रेवजी वसावे, इयत्ता तिसरी, आईचं नाव रमिलाबाई. सगळं निळ्या शाईत, वळणदार, सणाच्या दिवशी उंबऱ्यावर काढावं तसं. आणि त्या नावाच्या डाव्या अंगाला, समासाच्या लाल रेघेला खेटून, पेन्सिलीचा एक ठिपका. मोहरीएवढा. दुसऱ्या कोणी पाहिला असता तर म्हणाला असता, माशी बसून गेली असेल. गजालाने कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, आणि तिच्या दोन्ही तळहातांना एकाएकी मिरची झोंबली. हात तर कोरडे होते. सकाळपासून तिने कीबोर्डाशिवाय कशाला हात लावला नव्हता. पण नंदुरबारात मिरचीचा हंगाम ऐन भरात होता, गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडली होती, वारा फिरला की सगळं गाव एका सुरात खोकत होतं. तेव्हा झोंबली असेल वाऱ्यानेच, असं तिने मनाला सांगितलं. मन कुठलं ऐकतं. तिने बोट खाली सरकवलं. एकोणतीस नावं. ठिपके आठ.

"भरली का मॅडम यादी?" टेबलापलीकडून लोटन सरांनी विचारलं. पिंजारवाड्यामागच्या शाळेचे हे मुख्याध्यापक यादी घेऊन स्वतः गट साधन केंद्रात, शिक्षण खात्याच्या तालुक्याच्या कचेरीत, आले होते. चार दिवसांनी तिसरीच्या वर्गांची संपादणूक चाचणी होती. बाहेरचा माणूस शाळेत येणार, पोरांकडून प्रश्नपत्रिका सोडवून घेणार, आणि त्यावरून शाळेचा, तालुक्याचा, जिल्ह्याचा आकडा वर जाणार. सर मे महिन्यात निवृत्त होणार होते आणि जाता जाता त्यांच्या शाळेला आदर्श शाळेचा मान मिळणार, असं केंद्रातला शिपाईसुद्धा बोलत होता. डोक्याचा कापूस झाला होता त्यांच्या. डाव्या कानामागे मात्र तीच पेन्सिल. तीच कशी असेल, एकवीस वर्षांत किती झिजल्या असतील. पण गजालाला ती तीच वाटली, जणू सर झिजले आणि पेन्सिल राहिली.

"सर, हे ठिपके?"

"अरे राम, पुसायचे राहूनच गेले की." सर मनापासून हसले. "ती आपली माझी घरगुती खूण आहे मॅडम. द्या इकडे, पुसून देतो."

"राहू द्या," गजाला म्हणाली. "नोंद झाली की मीच पुसते."

तिने पुसले नाहीत. सर गेल्यावर ती यादी तिने ड्रॉवरमध्ये ठेवली, वर डबा ठेवला, आणि दिवसभर एखादीने कूस जपावी तसा तो ड्रॉवर गुडघ्याने जपत बसली. सरांनी तिला ओळखलं नव्हतं. एकदा वाटलं बरं झालं, एकदा वाटलं हाही एक ठिपकाच. तिला आठवत होती ती तिसरीतली दुपार. सर बाकापाशी वाकले होते, अंगाला खोबरेल तेलाचा वास, आणि किती मायेने म्हणाले होते, "गजाला, उद्या तू घरी राहा हं. मायसंगे जा. उद्या तुला सुट्टी." वर्गातल्या सहाच जणांना सुट्टी, त्यात ती! गजाला नाचत घरी गेली होती. बक्षीसच मिळालं असं तिला वाटलं. अम्मीला, शेजारणींना, रजईच्या कापसात पांढऱ्या झालेल्या अब्बाला तिने ऐटीत सांगितलं, सर म्हणाले उद्या मला सुट्टी, एकटीला. आणि दुसऱ्या दिवशी अम्मीबरोबर मिरचीच्या पथारीवर गेली, देठ खुडत बसली, डोळे चोळले, आणि डोळ्यांत अंगार पडला. शमा, तिची अम्मी, मुकादमाच्या धाकाने उठू शकत नव्हती. शेजारच्या ओळीतली धनुबाई मात्र पदर ओला करून आली. "रडू नको व माय. डोया चोयू नको, आखो जास्ती झोंबई." त्या बाईचा पदर गार होता. पण जे खरं झोंबायचं होतं ते तिसऱ्या दिवशी झोंबलं. वर्गात पाहते तर सगळ्यांच्या हातात गुलाबी खोडरबरवाली नवी पेन्सिल. काल तपासणीला साहेब आले होते, त्यांनी प्रत्येकाकडून वाचून घेतलं, प्रत्येकाला पेन्सिल दिली. सुट्टीवाल्या सहा जणांना कुठली? त्याच आठवड्यात सरांनी तिला कपाटातून हजेरी आणि श्रेणीचं पत्रक आणायला पाठवलं. अक्षरं येत नव्हती तिला, पण स्वतःचं नाव चित्रासारखं ओळखता येत होतं. नावाशेजारी ठिपका. बाकीच्या पाच सुट्टीवाल्यांची नावं तिला ओळखता येत नव्हती, तरी ठिपके तिने मोजले, सहा भरले, आणि सगळं उमगलं. तिने अंगठा थुंकीत बुडवला आणि आपला ठिपका पुसला. पेन्सिलीचं काळं थुंकीत कालवलं गेलं आणि मोहरीचा झाला वाटाणा. पुसावं तितका वाढत गेला. शेवटी तिने पत्रक मिटलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून वर्गात नेलं, पाणी भरलेली घागर न्यावी तसं.

शाळेचा निकाल तेव्हा शंभर टक्के लागला. जिथे सगळ्यांनाच वाचता येतं तिथे कोणाला वेगळं शिकवायचं कशाला? गजालाला कोणी शिकवलं नाही. ती चौथीत गेली, पाचवीत गेली, ढकलत्या गाडीसारखी सातवीत गेली. दरवर्षी प्रगतीपुस्तकावर वाचन उत्तम, श्रेणी अ. मेहबूब पिंजारीला, तिच्या अब्बाला, अक्षर ठाऊक नव्हतं, पण अ ची खूण त्याला कोणीतरी दाखवून ठेवली होती. तिसरीचं प्रगतीपुस्तक त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून कापूस पिंजायच्या धुनकीच्या खिळ्याला टांगलं. धुनकी बंद पडली, यंत्र आलं, घराला रंग लागला, ते पुस्तक मात्र अजून त्याच खिळ्याला आहे. ती बारा वर्षांची असताना एक गिऱ्हाईक दोन रजया भरायला टाकून गेलं आणि पत्त्याची चिठ्ठी ठेवून गेलं. "पढ बेटा," अब्बा म्हणाला, आणि आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकतंय का म्हणून. लेकीच्या वाचण्याची त्याला कोण मिजास! चिठ्ठीवर मुंग्या चालत होत्या. गजालाला लांबचं एकच गाव तोंडपाठ होतं, खाला दिली होती ते. ती म्हणाली, "ब्राह्मणपुरी." मेहबूबने रजया एसटीच्या टपावर चढवल्या आणि शहादा गाठून ब्राह्मणपुरीला गेला. दिवस कलता परत आला, रजया खांद्यावर तशाच. गिऱ्हाईक होतं जवळच्या कोरीटचं. कोण्या मास्तराने वाटेत त्याला चिठ्ठी वाचून दाखवली होती. त्याने रजया ठेवल्या, पाणी प्याला, आणि धुनकीशी जाऊन बसला. रागावला असता, दोन थपडा दिल्या असत्या तर ती आज विसरून गेली असती. त्या दिवसापासून मेहबूबने तिला कधीही काही वाचायला सांगितलं नाही. औषधाची बाटली आली तरी गल्लीतल्या दुसऱ्या कोणाकडे न्यायचा, बाटली सदऱ्याखाली लपवून. पुस्तक मात्र त्याने खिळ्यावरून काढलं नाही. का नाही काढलं, हे गजालाला कधी विचारता आलं नाही. त्या न काढण्यासाठी तिने सरांना जितके शाप दिले तितके कशासाठीच दिले नाहीत.

वाचायला ती शिकली पंधराव्या वर्षी, आणि तेही पथारीवर. धनुबाई चौथी शिकलेली. दुपारच्या भाकरीनंतर ती जमीन हाताने सारखी करायची आणि मिरचीचे देठ मांडायची. "हाऊ देठ आडवा ठेव. आते हाऊ उभा. आते याना पोटमा वाकडा. हाऊ व्हयना क." हिरव्या वाकड्या देठांची बाराखडी लाल मिरचीच्या काठाकाठाने चालत गेली, आणि धनुबाई हात चालवता चालवता म्हणायची,

लाल मिरचीना देठ, मी खुडस एक एक
हात झोंबस मन्हा, शिके मन्ही लेक

लेक तिला नव्हतीच. गजालाच तिची ओवीतली लेक. त्या देठांवरून गजाला दहावी झाली, बारावी झाली, डी.एड. झाली, आणि कुठे नोकरी नाही म्हणून कंत्राटावर इथे आकडे भरायला बसली. शाळाशाळांचे आकडे. वाचन येणारी पोरं इतकी, भागाकार येणारी इतकी. आठ वर्षं तिने ते भरले. प्रत्येक शंभराच्या मागे कोणाचे डोळे चोळले गेले असतील, असं मनात यायचं, आणि पुढची शाळा उघडायची. आता ते आठ ठिपके ड्रॉवरमध्ये होते आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हाताला काहीतरी लागलं होतं, जसं आंधळ्याच्या हाताला दाराची कडी लागावी.

चाचणी घ्यायला त्या शाळेवर डी.एड. कॉलेजची जी मुलगी जायची होती ती तापाने पडली. राखीव यादीत गजालाचं नाव होतं. तिने समन्वयक भटू अप्पांना सांगितलं, पिंजारवाड्यामागे मी जाते. अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. चांगला माणूस, पण पाण्याला पाणी म्हणायच्या आधी चार जणांना विचारणारा. "तूच कसाले व बेटा? त्या शाळाना आकडा खाले उना ते वरना लोके माले इचारतीन, आनि मंग मी तुले. तुन्हा करार मार्चमा सरस, ध्यानमा ठेव."

"ध्यानात आहे अप्पा."

"मंग जाय. सांभाळीसन कर."

करार सरला तर सरला. मिरची खुडून भाकर मिळते हे तिला ठाऊक होतं. एकवीस वर्षं पोटात जळणारं विझवायला मात्र दुसरी जागा नव्हती. आदल्या दिवशी तिने बाजारातून आठ पेन्सिली घेतल्या, गुलाबी खोडरबराच्या. दुकानदार म्हणाला, डझन घ्या ताई. ती म्हणाली, आठच.

चाचणीच्या सकाळी धुकं अजून पथाऱ्यांवर लोळत होतं. घरून निघताना मेहबूब उंबऱ्यात बसला होता. "इतनी सवेरे किधर, बेटा?" "इस्कूल में, अब्बा." "पढाने?" तिला काय सांगावं कळेना. खिळ्यावरच्या प्लास्टिकमध्ये धूळ बसली होती. "नहीं," ती म्हणाली, "लेने को. मेरा कुछ रह गया था वहां." म्हातारा मान हलवत राहिला. त्याला कळलं की नाही देव जाणे. त्याला कळलेलं त्याने कधी दाखवलं नाही. यादी पर्समध्ये होती, पण यादीची गरजच नव्हती. सुट्टीवाली पोरं कुठे असतात हे तिच्याइतकं कोणाला माहीत! दोन पथाऱ्यांवर आठही सापडली. अरबाज पोत्यावर बसून पाय हलवत होता. सकलैन मिरच्यांचा ढीग करून त्यावरून उडी मारत होता. सोनम आईच्या पाठीशी देठ खुडत होती, हात फडक्यात बांधलेले. तिची आई रमिलाबाई सातपुड्यातल्या काठी गावाहून हंगामाला खाली उतरलेली, होळीला परत डोंगरात जाणारी. ती उठून उभी राहिली. "सरांनी सांगितलं बाई, आज नाय पाठवायचं. आज पोरीला सुट्टी दिली सरांनी." आणि ते सांगताना तिच्या तोंडावर केवढा आनंद! गजालाला तो आनंद ओळखीचा होता. "सुट्टी रद्द झाली ताई," ती म्हणाली. "आज सोनमची शाळेला फार गरज आहे." हे खोटं नव्हतं. पण गरज शाळेला होती की गजालाला, हे तिने त्या वेळी स्वतःला विचारलं नाही. पोरांना पेन्सिली दिल्या तशी आठही तिच्यामागे निघाली, नव्या पेन्सिली नाकाशी धरून हुंगत, शिंकत. त्यांच्या कपड्यांतून मिरची उधळत होती. ती पुढे, आठ मागे, आणि तिला वाटलं आपण वरात घेऊन चाललोय. फक्त नवरा कोण ते विचारू नये.

लोटन सर फाटकात उभे होते, इस्त्रीच्या सदऱ्यात, हातात गुलाबाचं फूल, चाचणी घेणाऱ्या पाहुण्यांसाठी. त्यांनी गजालाला पाहिलं, हसले, फूल पुढे केलं. मग मागची पोरं दिसली. फूल तिथेच राहिलं.

"मॅडम, ही पोरं आज गैरहजर आहेत."

"तुमच्यापुढे उभी आहेत सर."

अरबाज खुदकन हसला. सरांनी तिला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. तिला वाटलं होतं, ते ओरडतील, वरच्यांची नावं सांगतील. एकवीस वर्षं तिने त्या ओरडण्याला उत्तरं तयार ठेवली होती, धार लावून, ओळीने. पण सरांचा आवाज हलका झाला. "पाया पडतो मॅडम. ही रडतील हो. घरी भिलोरी बोलतात, कोणी दुसरं काही. कागद पुढे आला की लेकरांच्या तोंडचं पाणी पळतं. मी त्यांना कागदापुढे बसवून रडवत नाही, एवढंच. वरचे टक्के मागतात, मी टक्के देतो. कोण्या पोराचं वाईट केलं असेल तर सांगा."

"गजाला मेहबूब पिंजारी," ती म्हणाली. "आठवते?"

सरांचा चेहरा उजळला. अगदी खरोखर उजळला. "पिंजाऱ्याची गजाला? का नाही आठवणार! मला सगळी आठवतात. काय हुशार पोर होती! वाचन तर असं खणखणीत. अ श्रेणी होती तिची."

गजालाच्या सगळ्या धारदार ओळी जागच्या जागी गळून पडल्या. ज्या माणसाला तिने इतकी वर्षं मनातल्या भिंतीशी उभा करून जाब विचारला होता, तो तिथे नव्हताच. या माणसाने तिला फसवलं नव्हतं, लपवलंही नव्हतं. त्याने लिहिलं आणि त्याला ते तसंच आठवलं. न वाचता येणारी ती पोर त्याच्या डोक्यातसुद्धा उरली नव्हती. सूड घ्यायचा तर कोणाचा, आणि कोणापाशी?

"तिला वाचता येत नव्हतं सर. तुम्ही तिच्या नावाला ठिपका दिला होता. मीच ती."

सर दुखावल्यासारखे म्हणाले, "छे छे. काहीतरी चूक होतेय तुमची. थांबा, जुनं पत्रक काढून दाखवतो." आणि खरंच कपाटाच्या किल्ल्या शोधायला गेले.

एकोणतीस पोरं बसली. एकवीस जण घासूनपुसून तयार केलेली, आठ जण लाल डोळ्यांची. एकवीस जण त्या आठांच्या पेन्सिलींकडे बघत होते. गजालाने प्रश्नपत्रिका वाटल्या, सूचना वाचल्या. त्यापलीकडे एक शब्द सांगायची तिला मुभा नव्हती. वर्गात पानं उलटल्याचा आवाज आणि मधून एखादी शिंक. सोनमने पेन्सिल मिरचीच्या देठासारखी चिमटीत धरली होती. चित्रावर बोट ठेवून तिने वर पाहिलं. चित्रातली गाय तिला कळत होती, गायीखालच्या मुंग्या कळत नव्हत्या. ती काही पुटपुटली, डोंगरातल्या बोलीत. गजालाला ती बोली येत नव्हती. आणि अरबाजने बाकावर डोकं टेकलं, खांदे हलू लागले. सरांचं खरं ठरलं होतं. पोरं रडत होती, आणि त्यांना इथे आणून बसवणारी ती होती. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर हाताची मिरची त्याच्या सदऱ्याला लागेल म्हणून काढून घेतला. मनात आलं, मी तरी काय केलं, सरांनी ही पोरं लपवून आपलं साधलं, मी दाखवून. पण लगेच दुसरं मन उसळलं. रडलेलं पोर कागदावर येतं. पथारीवर रडलेलं कोणाच्या कागदावर येत नाही. येऊ दे एकदा. कोणाच्या तरी टेबलावर हा कागद चुरचुरू दे.

पोरं खाऊला गेल्यावर ती उत्तरपत्रिका भरायला बसली. तिसरीच्या पोरांनी प्रश्नपत्रिकेवर केलेल्या खुणा पाहून गोल काळे करायचे असतात ते चाचणी घेणाऱ्यानेच. एकोणतीस पोरांचं नशीब तिच्या पेनाच्या टोकाला होतं. तिने एकही गोल इकडचा तिकडे केला नाही. आठांचे चुकले तिथे चूक, कोरे तिथे कोरे. एकवीसांतल्याही बऱ्याच जणांनी पाठ केलेलं भलत्याच जागी ठेवून दिलं होतं, तेही तसंच. एकेक चुकीचा गोल काळा करताना जिभेला गूळ लागल्यासारखं होत होतं, आणि त्या गुळाची तिला लाज वाटत होती, आणि तरी ती पुढचा गोल करत होती. खरं लिहिण्यात एवढा सूड मावतो हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. सोनमचे चार बरोबर निघाले. चित्रांचे चारही. ते तिने जरा जास्त वेळ घेऊन भरले.

सर आले ते दोन्ही हातांवर जुनं पत्रक घेऊन. कडा वाळवीने खाल्लेल्या. "हे बघा," ते धापा टाकत म्हणाले, "गजाला मेहबूब. वाचन उत्तम. श्रेणी अ. मी म्हटलं नव्हतं?" त्यांचं बोट निळ्या अक्षरांवर होतं. नावाच्या डाव्या अंगाला करडा, वाटाण्याएवढा डाग होता, मधोमध बारीक रेघा उमटलेल्या, एका लहान अंगठ्याच्या. सर म्हणाले, "इथे काहीतरी सांडलंय." गजालाने आपला अंगठा त्या डागावर ठेवला. डाग पूर्ण झाकला गेला. सर डागाकडे, मग तिच्या अंगठ्याकडे, मग कितीतरी वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आणि त्यांच्या डोळ्यांत हळूहळू, तळातून गाळ ढवळून यावा तशी, लाल डोळ्यांची एक पोर वर येऊ लागली.

"इथे सही करा सर," ती म्हणाली. "पटावर एकोणतीस, हजर एकोणतीस."

त्यांनी सही केली. तेव्हाही अक्षराचं वळण सुटलं नाही. गजालाने हात लांब करून त्यांच्या कानामागची पेन्सिल काढली, आणि मुख्याध्यापक लोटन या नावाच्या डाव्या अंगाला, समासाला खेटून, एक ठिपका दिला. मोहरीएवढा. मग कागद लगेच उचलला नाही. तशीच थांबली.

बाहेर पोरं खाऊवरून भांडत होती. वारा फिरला, वर्गात मिरची शिरली, पण सर खोकले नाहीत. त्यांनी उजवा अंगठा जिभेला लावला, आणि आपल्या नावाशेजारचा ठिपका पुसायला लागले.